आरोग्यसेवा आणि लोकव्यवहार : जामखेड व गडचिरोलीच्या संशोधनाचा बोध

गावात उपकेंद्राची इमारत उभी राहते, औषधे येतात, परिचारिकेची नेमणूक होते. तथापि अपेक्षेप्रमाणे लोक तेथे येत नाहीत. लसीकरणाच्या दिवशी काही घरांची दारे बंद आढळतात. गरोदर स्त्री तपासणीसाठी नाव नोंदविते, पण पुढील तपासणीस येत नाही. आजारी मूल दवाखान्यात येण्यापूर्वी दोन-तीन दिवस देवऋष्याकडे किंवा घरगुती उपचारांत घालविते. ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यास, शिक्षकास व पंचायत सदस्यास हा अनुभव परिचयाचा आहे.

अशा वेळी ‘लोक अज्ञानी आहेत’, ‘अंधश्रद्धा फार आहे’ हे उत्तर सहज दिले जाते. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही; परंतु ते अपुरे आहे, आणि त्यामुळे पुढील शोध थांबतो. माणूस आरोग्याच्या बाबतीत असे का वागतो, त्याच्या वागण्यामागे कोणती कारणपरंपरा असते आणि ते वागणे कशाने बदलते, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्राच्या दोन दुष्काळी व दुर्गम भागांत गेल्या काही दशकांत झाला. त्या अभ्यासाने राज्याच्याच नव्हे तर देशाच्या आरोग्यनीतीला वळण दिले. त्याचा परिचय करून घेणे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

संशोधन म्हणजे नेमके काय?

आरोग्य-संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि परीक्षानळ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु औषधाचा शोध लागल्यानंतरही एक मोठा प्रश्न शिल्लक राहतो. ते औषध ज्याला हवे त्याच्यापर्यंत वेळेवर कसे पोहोचावे आणि त्याने ते विश्वासाने कसे घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी संशोधकास घरोघर जावे लागते.

अशा संशोधनाची पद्धती समजण्यास अवघड नाही. प्रथम निवडलेल्या गावांतील प्रत्येक जन्माची व प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली जाते. ज्या घरात मृत्यू घडला, तेथे काही दिवसांनी जाऊन आईवडिलांना शेवटच्या आजाराची लक्षणे क्रमाने विचारली जातात. ताप होता काय, धाप लागली होती काय, मूल दूध ओढत होते काय, या उत्तरांवरून मृत्यूचे संभाव्य कारण ठरविले जाते. त्यानंतर काही गावांत नवी सेवा सुरू केली जाते आणि तशाच परिस्थितीतील दुसरी काही गावे तुलनेसाठी घेतली जातात. तुलनेच्या गावांत नेहमीच्या शासकीय सेवा चालूच असतात. काही वर्षांनी दोन्हीकडील आकडे ताडून पाहिले म्हणजे झालेला बदल त्या सेवेमुळे झाला की काळाच्या ओघात आपोआप झाला, हे सांगता येते. पाऊसपाणी चांगले झाले म्हणून बालमृत्यू घटले असतील, तर ते दोन्हीकडे घटलेले दिसतील.

जामखेड : औषधाआधी पाणी

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण घेऊन बाहेर पडले. ग्रामीण रुग्णालयात काम करताना त्यांच्या असे लक्षात आले की, बरे होऊन घरी गेलेले रुग्ण काही महिन्यांनी त्याच आजाराने पुन्हा येतात. जुलाबाने आलेले मूल सलाइनने वाचते आणि घरी जाऊन तेच दूषित पाणी पिते. रुग्णालयाची दारे चोवीस तास उघडी ठेवूनही गावातील आजारांचे प्रमाण त्यामुळे घटत नाही. हा विचार घेऊन त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका. गावकऱ्यांशी बोलणी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांच्या मनात लसीकरण व कुटुंबनियोजन होते, तर गावकऱ्यांच्या तोंडी पाणी व अन्न हे विषय होते. १९७२ च्या दुष्काळाने गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरविले. प्रकल्पाने आपला क्रम बदलला. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका व हातपंप, लहान मुलांसाठी पूरक आहार यांना अग्रक्रम देण्यात आला. तरुण शेतकऱ्यांची मंडळे व महिला मंडळे स्थापन झाली आणि आरोग्याचे काम या मंडळांच्या हातून होऊ लागले.

हातपंपाची जागा ठरविताना सामाजिक व्यवहाराचाही विचार करण्यात आला. अनेक गावांत पंप दलित वस्तीत किंवा तिच्यालगत बसविले गेले. पाणी हवे असेल तर सर्वांनी तेथे येणे भाग होते. अस्पृश्यतेवर व्याख्यान देऊन जे साधले नसते ते घागर भरण्याच्या रोजच्या कामातून साधू लागले. माणसाची वृत्ती आधी बदलते व मग त्याचे वर्तन बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. येथे वर्तन आधी बदलले आणि वृत्तीने त्याचे अनुकरण केले.

गावातील स्त्रीच आरोग्य कार्यकर्ती

प्रकल्पाने आरंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावात राहण्यासाठी पाठविले. हा प्रयत्न यशस्वी झाला नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीला गावात एकटे राहणे कठीण जाई आणि गावातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिचे ऐकून घेण्यास तयार नसत. स्वतः बाळंतपण न अनुभवलेली मुलगी चार मुलांच्या आईला काय शिकविणार, असा त्यांचा प्रश्न असे. यातूनच गावातीलच एखादी समंजस, संसारी स्त्री निवडून तिला शिकवावे, ही कल्पना पुढे आली.

निवडलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. त्यांपैकी अनेकजणी दलित व भूमिहीन कुटुंबांतील होत्या, तर काही परित्यक्ता वा विधवा होत्या. दर आठवड्यास त्या जामखेडला एकत्र येत, एकत्र जेवत आणि रात्री एकत्रच मुक्काम करीत. गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखर-पाणी देणे, मुलांचे वजन, लसीकरण, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे हे विषय त्यांना शिकविले जात. शिकलेली गोष्ट त्या गावात जाऊन आपल्या भाषेत सांगत आणि पुढील आठवड्यात काय पटले, काय पटले नाही, हे परत येऊन डॉक्टरांना सांगत. यामुळे शिक्षण दोन्ही दिशांनी होत असे.

या सर्व कामाचा परिणाम आकड्यांत दिसून आला. १९७१ मध्ये या भागातील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. पाचच वर्षांत ते साठाच्या खाली आले. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात जामखेड प्रकल्पातील गावे व इतर गावे यांची तपासणी करण्यात आली. जन्मानंतरचा पहिला महिना सोडल्यास पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पातील गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले.

या निष्कर्षातील ‘पहिला महिना सोडल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यू कमी करणे हे काम सर्वांत कठीण असते. त्या प्रश्नाचा स्वतंत्र शोध राज्याच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत झाला.

गडचिरोली : न सांगितले गेलेले आजार

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. घनदाट अरण्य, विखुरलेल्या वस्त्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि मोठी आदिवासी लोकसंख्या ही या जिल्ह्याची वैशिष्ट्ये होत. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी याच जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारे आरोग्यसेवा व संशोधन यांची सांगड घातली.

त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या अभ्यासाचा विषय स्त्रियांचे आजार हा होता. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यतः बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपुरताच होत असे. वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि विकसनशील देशांतील स्त्रियांच्या आरोग्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

या स्त्रिया दवाखान्यात का गेल्या नव्हत्या? अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे बाईच्या जन्माला आलेले भोग आहेत, असे त्या समजत. पुरुष डॉक्टरपुढे हे बोलणे त्यांना अशक्य होते. शिवाय, दवाखान्यात कोणी त्यांना ते विचारतही नव्हते. लोकांकडून मागणी नाही याचा अर्थ लोकांना गरज नाही असा होत नाही, हा या अभ्यासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा रुग्णालयाविषयी मिळाला. आदिवासी बांधव मोठ्या रुग्णालयात येण्यास का भितात, अशी विचारणा करण्यात आली तेव्हा त्यांनी स्पष्ट कारणे सांगितली. तेथे आपली भाषा कोणी बोलत नाही, पांढरे कपडे घातलेली माणसे पाहून धास्ती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ‘सर्च’ संस्थेचे चातगावजवळील शोधग्राम येथील रुग्णालय या मतांचा विचार करून उभारले गेले. त्याची रचना आदिवासी वस्तीसारखी, झोपड्यांच्या स्वरूपाची ठेवण्यात आली. रुग्णासोबत कुटुंबाच्या राहण्याची सोय करण्यात आली आणि रुग्णालयास दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. ज्याला आपण लोकांची अंधश्रद्धा म्हणत होतो, तिच्यातील बराचसा भाग वस्तुतः आपल्या सेवेबद्दलची तक्रार होती, हे यातून दिसून आले.

वाळूचे घड्याळ आणि मणी

बालमृत्यूंच्या नोंदींतून असे आढळले की, लहान मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण न्यूमोनिया हे आहे. खेड्यांत अनेक ठिकाणी या आजारास ‘डबा’ म्हणतात. मुलाला धाप लागते, पोट उडते आणि एक-दोन दिवसांत ते दगावते. यावरील प्रतिजैविक औषध स्वस्त व सहज मिळण्याजोगे होते. अडचण निदानाची होती. न्यूमोनिया ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे एका मिनिटातील श्वास मोजणे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक आणि त्याहून मोठ्या अर्भकाचा ५० वा अधिक असल्यास धोका समजावा. परंतु गावातील सुईणीला इतके अंक मोजता येत नसत.

यावर शोधलेला उपाय साधा होता. एका लहान पट्टीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी बसविण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा, धोक्याचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. शंभरापर्यंत मोजता न येणारी स्त्री दहापर्यंत मोजू शकते, एवढ्या एका गोष्टीवर हे साधन उभे होते.

५८ गावांत हा उपचार गावपातळीवरील कार्यकर्ते व सुईणी यांच्यामार्फत सुरू करण्यात आला आणि ४४ गावे तुलनेसाठी घेण्यात आली. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. अर्भकमृत्यूचे प्रमाण प्रयोगाच्या गावांत दर हजारी ८९, तर तुलनेच्या गावांत १२१ असे आढळले. १९९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

येथे मानवी व्यवहारासंबंधीची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देण्याची ‘डम्मा’ ही प्रथा सर्वश्रुत आहे. ती घातक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु डाग देणारे आईबाप मुलाविषयी बेफिकीर नसतात. मूल वाचावे म्हणून त्यांना ठाऊक असलेला सर्वांत कडक उपाय ते करीत असतात. अशा घरापुढे प्रश्न उपचाराच्या इच्छेचा नसून हाताशी असलेल्या उपचाराचा असतो. खात्रीचा उपाय गावातच, ओळखीच्या हातून, रात्री-अपरात्री मिळू लागला म्हणजे जुना उपाय मागे पडण्यास वाव मिळतो.

पहिले अठ्ठावीस दिवस

न्यूमोनियाने होणारे मृत्यू घटल्यानंतरही नवजात अर्भकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर होत राहिले. म्हणून १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन वर्षभर निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ९५ टक्के बाळे घरीच जन्मली होती. ४२ टक्के बाळांचे जन्मवजन अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात डॉक्टरपर्यंत पोहोचलेल्या बाळांचे प्रमाण मात्र अवघे २.६ टक्के होते.

यामागील कारणे रूढींत होती आणि परिस्थितीतही होती. बाळंतिणीने व बाळाने घराबाहेर पडू नये असा दंडक होता. जन्मताच बाळाला आंघोळ घालण्यात येई. त्यामुळे त्याचे अंग गार पडे. चिकाचे दूध जड समजून टाकून देण्यात येई. गरोदरपणात कमी खावे, म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सुखरूप होते, अशी समजूत होती. ही शेवटची समजूत ऐकून शहरी माणूस हसेल. परंतु जेथे मूल अडल्यास रुग्णालय कित्येक कोस दूर आणि वाटेत पूर आलेली नदी, तेथे मोठ्या बाळाची भीती बाळगणारी स्त्री आपल्या अनुभवानुसार विचारच करीत असते. तिला सकस आहाराचे महत्त्व सांगणे आवश्यक आहे. त्याबरोबरच बाळंतपण अडल्यास वाहन व डॉक्टर मिळेल, याची हमी देणेही तितकेच आवश्यक आहे. या हमीवाचून दिलेला आहाराचा उपदेश तिच्या भीतीला उत्तर देत नाही.

बाळ रुग्णालयात येऊ शकत नसेल, तर सेवेने बाळापर्यंत गेले पाहिजे, या विचाराने घरोघरी नवजात बालसेवा सुरू करण्यात आली. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, त्याच गावातील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिक्षण देण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी सुईणीसह हजर राहणे, न रडणाऱ्या बाळास श्वास देणे, वजन व तापमान घेणे, बाळाला ऊबदार ठेवणे, लगेच स्तनपान सुरू करविणे आणि नंतर ठराविक दिवशी घरी जाऊन तपासणी करणे ही त्यांची कामे होती. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रथम रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई. कुटुंबास ते शक्य नसल्यास पालकांची लेखी संमती घेऊन प्रतिजैविक औषध व इंजेक्शन देण्यात येई.

डॉक्टर नसलेल्या स्त्रीने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे काय, यावर तज्ज्ञांत वाद झाला. शंका रास्त होती आणि तिचे उत्तर नोंदींतूनच मिळणे शक्य होते. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. नवजात मृत्यूचा दर प्रयोगापूर्वी हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांशी पडताळून पाहता ही घट ६२ टक्के भरली. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रयोगापासून योजनेपर्यंत

गावातील माणसालाच आरोग्याचे शिक्षण द्यावे, हा विचार शासकीय धोरणातही हळूहळू रुजत गेला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील अल्माआटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट जाहीर केले. परंतु १९७७ च्या योजनेत निवडलेले कार्यकर्ते बहुतांशी पुरुष होते. अनेक ठिकाणी गावातील वजनदार मंडळींच्या शिफारशीवर निवड झाली. माता व बालकांच्या सेवेचे काम अशा निवडीमुळे मागे पडले आणि कालांतराने योजना निष्प्रभ झाली. कार्यकर्ता गावातील असणे पुरेसे नाही; ज्या घरात जावयाचे त्या घरातील चुलीपर्यंत त्याला प्रवेश असला पाहिजे, हे या अपयशाने शिकविले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा ‘आशा’ ही कार्यकर्ती स्त्रीच असावी, ती त्याच गावची रहिवासी असावी आणि तिच्या निवडीत ग्रामसभेचा सहभाग असावा, असे ठरविण्यात आले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ पासून भारतात ‘आशा’मार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्यात येऊ लागली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, आणि घरी जन्मलेल्या बाळाकडे त्याखेरीज पहिल्या दिवशीही भेट द्यावयाची, असा हा कार्यक्रम आहे.

दरम्यान परिस्थितीही पालटली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली होती. २०२० च्या नमुना नोंदणी अहवालात राज्यातील नवजात मृत्यूचा दर हजारी ११ व अर्भकमृत्यूचा दर हजारी १६ नोंदविला गेला. ही प्रगती मोठी आहे. परंतु रुग्णालयातून बाळ दोन-तीन दिवसांत घरी येते आणि धोक्याचे उरलेले दिवस घरीच काढते. म्हणून गृहभेटीचे महत्त्व रुग्णालयातील बाळंतपणाने संपत नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

या प्रयोगांचे यश जसेच्या तसे सर्वत्र उतरेल, असे मानणे योग्य होणार नाही. जामखेड व गडचिरोली येथे ध्येयवादी डॉक्टर गावकऱ्यांमध्येच राहत होते. कार्यकर्तीची चूक आठवड्याच्या आत लक्षात येई आणि औषधाचा साठा संपू दिला जात नसे. योजना राज्यभर पसरते तेव्हा प्रशिक्षण उरकले जाण्याचा, देखरेख कागदावर राहण्याचा आणि एकाच कार्यकर्तीवर अनेक कामे सोपविली जाण्याचा धोका असतो. तिला मोबदला वेळेवर न मिळाल्यास तिच्या कामावर त्याचा परिणाम होणे अटळ आहे. प्रयोगातून केवळ ‘गावातील स्त्री’ घेतली आणि तिच्या पाठीशी असलेली व्यवस्था सोडून दिली, तर तेच फळ मिळणार नाही.

दुसरी मर्यादा नोंदींची आहे. २००१ मध्ये राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या बालमृत्यूंच्या अभ्यासाचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात घडलेल्या बालमृत्यूंपैकी पुष्कळसे सरकारी नोंदीत येतच नाहीत, असे त्यातून दिसून आले. पुढे राज्य शासनाने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मृत्यू लपविण्यामागे नेहमीच वाईट हेतू असतो असे नाही. चार दिवसांच्या बाळाचा मृत्यू नोंदविण्यासारखा असतो, हेच घरच्या माणसांना वाटत नाही. आणि मृत्यू नोंदविला तर आपल्याला दोष लागेल, असे कर्मचाऱ्यास वाटते. परंतु न नोंदलेला मृत्यू नियोजनाच्या दृष्टीने घडलेलाच नसतो, आणि त्याच कारणाने होणारा पुढील मृत्यू टाळण्याची संधी त्याबरोबर जाते.

गावपातळीवरील कर्तव्ये

या संशोधनातून अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना काही निश्चित गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि घटना २१ दिवसांत कळविणे अपेक्षित आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात प्रत्येक बाळाचा जन्म आणि प्रत्येक बाळाचा मृत्यू, मग ते काही तासच जगलेले का असेना, नोंदला जाईल एवढी दक्षता सदस्यांनी घेतली तरी फार मोठे काम होईल. मृत्यू कोणाच्या चुकीने झाला हे शोधण्यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर टळू शकला असता, याची चर्चा ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत व्हावी. लक्षण ओळखण्यास उशीर झाला, निर्णय घेण्यास झाला, वाहन मिळण्यास झाला, की रुग्णालयात पोहोचल्यावर झाला, हे समजले तर पुढील उपाय ठरविणे सोपे जाते.

‘आशा’ची जागा रिकामी होईल तेव्हा तिची निवड ग्रामसभेत मोकळेपणाने व्हावी. वाडीवस्तीवरील व दुर्बल घटकांतील घरांत जिचे जाणेयेणे आहे, अशा स्त्रीचा विचार आधी व्हावा. शिक्षकांचा घराघरांशी मुलांच्या द्वारे रोजचा संबंध असतो. बाळाला पहिले दूध का द्यावे, धाप लागलेले मूल कसे ओळखावे, या गोष्टी वरच्या वर्गातील मुलामुलींना शिकविल्यास त्या त्यांच्या घरापर्यंत पोहोचतात. अधिकाऱ्यांनी एखाद्या मोहिमेस प्रतिसाद मिळत नसल्यास तिचा प्रचार वाढविण्यापूर्वी न आलेल्या दहा घरी जाऊन कारण विचारावे. शिबिराचा दिवस मजुरीच्या दिवशी येत असेल, वेळ गैरसोयीची असेल, मागील खेपेस लसीनंतर मुलाला ताप आला असेल आणि तो का येतो हे कोणी सांगितले नसेल. ही कारणे कार्यालयात बसून कळत नाहीत.

जामखेडच्या डॉक्टरांनी आपला कार्यक्रम बाजूला ठेवून आधी पाण्याविषयी ऐकून घेतले. गडचिरोलीत श्वास मोजण्याचे साधन सुईणीला जेवढे अंक येत होते तेवढ्यावरच तयार करण्यात आले. दोन्ही ठिकाणी शास्त्राची कसोटी शिथिल करण्यात आली नाही. परंतु ते शास्त्र लोकांच्या घरी नेताना लोकांना आधी विचारण्यात आले. राज्यातील प्रत्येक गावात ही विचारपूस करण्यासाठी प्रयोगशाळेची वा मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. ती गावात रोज वावरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातची गोष्ट आहे.